पुसलेली बंदूक

डोळ्यांच्या दवाखान्यात समोरच्या बाकावर दाजी आणि त्यांचा मेहुणा बसले होते. दाजींच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती.

“कंपनी म्हणते, बंदूक फुटली तशीच आणून द्या. मग चूक कुणाची ते बघू.”

“मग द्या की, दाजी.”

“दिली असती. पण घरी आल्याबरोबर मी ती पुसली. तेलही लावलं.”

“डोळ्यातून रक्त येत असताना?”

“नेमबाजाने बंदूक मळकी ठेवू नये.”

“आणि फाटलेलं काडतूस?”

“टाकलं कचऱ्यात. मैदानावर घाण केलेली मला खपत नाही.”

“म्हणजे पुरावा तुम्हीच धुऊन पुसून टाकलात. आता ते चूक तुमच्याच माथी मारणार.”

“मारू देत. तुझी बंदूक आहे ना? एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतल्या आपण. खोट असेल तर तुझ्या बंदुकीतही निघेल. कशी चालते?”

“चालवलीच नाही. खोक्यात आहे.”

“नवी बंदूक आणि खोक्यात?”

“ताई म्हणाली, थांब जरा. आधी ह्यांची कशी चालते बघू.”

“मला नाही काही बोलली ती.”

“बोलली होती म्हणे. तुम्ही तेव्हाही बंदूक पुसत होता.”