तयार कान

कानाच्या दवाखान्यात बसलेल्या शिंप्याचा उजवा कान मळाने बंद होता. म्हणून त्याने डावा कान शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याच्या बोलण्याकडे केला.

"मला कशाला आणलंस इथे? वर्षभर मोबाइलवर माझं मीच स्वरज्ञान शिकतोय. कान तयार झालाय माझा!"

"तयार? परवा दाराची बेल वाजली, तर दार उघडायचं सोडून 'गंधार, षड्ज' करत बसलात. नळवाला गेला ना निघून!"

"पण स्वर बरोबर होते."

"आणि मी हाका मारते त्या?"

"त्या सुरात नसतात."

"खरं सांगा, घाबरलाय ना?"

"कानाला मशीन लावा म्हणाले तर? आत्ता कुठे पंचम कळायला लागलाय गं."

"कळेल अजून. उठा, तुमचं नाव पुकारलं."

"कधी?"

आजोबा तपासणीच्या बंद खोलीत गेले. थोड्याच वेळात आतून खणखणीत आवाज आला, "षड्ज! पंचम! पुन्हा पंचम!" मग छाती फुगवून ते बाहेर आले.

"झालं! आवाज आला की बटण दाबा, म्हणाली आतली मुलगी. मी थेट स्वरच सांगितले. एकही चुकला नाही."

तेवढ्यात तपासणारी मुलगी धावत आली.

"आजोबा, बाहेर कुठे आलात? मी मशीन अजून सुरूच केलं नाहीये!"

"अहो, मग इतका वेळ ओळखत काय होतात?"

"पंखा असेल. पंचमातच फिरत होता."

"आजोबा, त्या खोलीत पंखा नाहीये."