प्रेसिडेंटचं पहिलं ‘नको’

...आणि वर पुन्हा ही सुवर्णा माईकवर सांगते काय, तर ‘आता काका आपल्याला सांगतील, कॉलेजचा प्रेसिडेंट आठवडाभर नेमकं काय करतो!’ अगं, काय करतो काय? थकतो! झालं भाषण. बसू का खाली? नाही? बरं. म्हणजे छोले अजून आलेले नाहीत! मला काय कळत नाही? जेवण कुठंतरी या आपल्या ओहायोतल्या डब्लिनच्या सिग्नलला अडकलंय, तोवर लोकांना धरून ठेवायचं, मग करा काकांना उभं. प्रेसिडेंट म्हणे!

आणि हा रवी. हो, तूच रे, समोसा खाली ठेव. मघाशी मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारतो, ‘काका, कम्युनिटी कॉलेज म्हणजे ते... ज्यांना दुसरीकडे कुठं ॲडमिशन मिळत नाही, त्यांचं ना?’ हो बाबा, त्यांचंच. तुझ्या आईचा गुडघा बदलला, तेव्हा पहाटे तिला धरून धरून चालवणारी नर्स कुठं शिकली असं वाटतं तुला? जानेवारीत तुझी घर तापवणारी फर्नेस बंद पडली, तेव्हा बेसमेंटमध्ये उताणा पडून ती चालू करणारा बुवा कुठं शिकला? तू तर थर्मोस्टॅटला नमस्कार करत बसला होतास, तुझ्या बायकोनं, आश्लेषानं सांगितलंय मला सगळं.

तिकडं नागपूरला आत्या. एवढा लांबचा फोन लावून मी अभिमानानं सांगितलं, आत्या, मी प्रेसिडेंट झालो. तर म्हणते, ‘म्हणजे प्रिन्सिपॉलच ना रे, एकनाथ? मग तसं सांग की. आणि हुद्दा वाढला तर आवाज असा मेल्यासारखा का येतो तुझा?’ आता काय सांगू तिला? हुद्दा वाढला म्हणूनच येतो ना!

तुम्हाला सांगतो, सोमवारी सकाळी तुम्ही आपापल्या क्युबिकलमध्ये कॉफी घेऊन निवांत ईमेल उघडता. मला पहिला फोन आला तो बदकांचा! बदकं म्हणजे ती मोठाली, लांब मानेची, कॅनडातून आलेली. तुमची ती एचवन व्हिसाची रडारड वगैरे काही नाही त्यांना, सरळ उतरायचं नि राहायचं. त्यातलं एक लायब्ररीच्या दारात ठाण मांडून बसलेलं, आणि जो येईल त्याच्या पोटरीला चावतंय. आमचा सिक्युरिटीवाला म्हणतो, ‘सर, त्यांना हात लावता येत नाही, कायद्याचं संरक्षण आहे त्यांना.’ म्हटलं, आणि मला? तर त्यानं माझ्या हातात छत्री दिली! मग काय, सूट, टाय, हातात उघडी छत्री, आणि मी त्या बदकासमोर हुश हुश करत नाचतोय. केमिस्ट्रीत पीएचडी हो! प्रेसिडेंट म्हणे!

ते उरकून ऑफिसात येतो तर बार्बरा बसलेली. बार्बरा म्हणजे आमची नर्सिंगची डीन, भली बाई, पण तिचा चेहरा बघितला की आपल्यालाच ब्लडप्रेशर तपासून घ्यावंसं वाटतं. म्हणाली, ‘काउंटी आपली संध्याकाळची बस बंद करतेय. या शुक्रवारपासून.’ आता आमचं कॉलेज म्हणजे कुठं, तर मक्याच्या शेतात! तुमच्या डब्लिनसारखं नाही की, जिकडं बघावं तिकडं टोयोटा. माझे संध्याकाळचे विद्यार्थी दिवसभर काम करून येतात, कोणाची गाडी मोडलेली, कोणाची नवरा घेऊन गेलेला, कोणाची मुळात नाहीच. बार्बरा म्हणाली, ‘लॉरेटा शेवटच्या सेमिस्टरला आहे. घरी पोरं आहेत, दिवसा वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळी घालते आणि संध्याकाळी इथं येते. आता इतकी जवळ आलीय नर्स व्हायच्या... ती म्हणतेय, बस गेली तर मीही गेले.’

मी लॉरेटाला कधी पाहिलेलं नव्हतं. पण खोटं कशाला बोलू, मला माझेच दिवस आठवले. मीही असाच शेवटच्या सेमिस्टरला बर्फातून चालत लॅबला जायचो, पण मी पंचविशीतला होतो आणि मला घरी पोरं नव्हती. म्हटलं, बार्बरा, काळजी करू नकोस, या आठवड्यात काहीतरी करतो. असं म्हणायचंच असतं प्रेसिडेंटनं, त्याचाच पगार मिळतो.

मंगळवारी रोटरीचं जेवण. मी शाकाहारी आहे हे त्या लोकांना कित्येक वर्षं माहीत आहे, म्हणून खास माझ्यासाठी चिकन आणतात! तिथं आमचे काउंटी कमिशनर. त्यांना म्हटलं, बसचं काहीतरी बघा हो. त्यांनी माझा खांदा असा काही दाबला, असा काही दाबला, की मला वाटलं झालं काम. म्हणाले, ‘डॉक्टर, कॉलेज म्हणजे आपल्या काउंटीचं हृदय आहे!’ आणि मग बस? बस बंदच. तुम्हाला सांगतो, अमेरिकेत खांदा दाबला की समजावं, नाही म्हणाले.

बुधवारी प्राध्यापकांची सभा. तिथं वाद काय, तर कॉलेजच्या ध्येयवाक्यात विद्यार्थ्यांना ‘घडवणं’ म्हणायचं की विद्यार्थ्यांना ‘साथ देणं’. दीड तास! फिलॉसॉफीचा एकजण म्हणतो, ‘घडवणं या शब्दात मला हिंसा दिसते.’ मला तर घड्याळात दिसत होती! शेवटी मी उठून म्हटलं, मंडळी, घडवू नाहीतर साथ देऊ, पण आधी ती पोरं इथपर्यंत पोचायला नकोत का? लगेच सगळ्यांच्या माना हलल्या. मला वाटलं, लागलं मनाला. तर ठराव झाला, वाहतूक उपसमिती नेमावी, आणि तिनं स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीनंतर भेटावं. बस जाणार शुक्रवारी! प्रेसिडेंट म्हणे!

आता ऐका, आता खरी गोष्ट. छोले आले का? नाही ना? मग ऐका.

गुरुवारी सकाळी माझी न्याहारी असते वेंडेलबरोबर. वेंडेल म्हणजे आमच्या कॉलेजच्या बोर्डावरचा म्हातारा, जन्मभर शेतीची यंत्रं विकली, आता मुलाकडं धंदा दिलाय आणि स्वतः डायनरमध्ये बसून अंडी खातो. फार कमी बोलतो. त्याला मी सगळं सांगितलं, बस, बार्बरा, ती लॉरेटा. तो अंड्यावर केचप ओततोय, ओततोय. आणि मग म्हणतो काय... ‘माझ्या गोठ्यात एक व्हॅन उभी आहे. बारा सीटांची. पूर्वी कामगार आणायला वापरायचो. हवी का तुला?’

हवी का? अहो, सोमवारपासून मी दुसरं काय मागत फिरतोय? देव ओहायोत अंडी खात बसलेला! आणि माझ्या तोंडातून काय निघालं माहितीये? ‘ओह नो, नो, नो! कशाला उगाच तुम्हाला त्रास!’

हसू नका! तुमच्यापैकी एकानं तरी पहिल्यांदा हो म्हटलं असतं का? सुवर्णा, तू गेल्या दिवाळीला आमच्याकडं ‘अगदी पोट भरलंय हो काकू’ म्हणत चार करंज्या खाल्ल्यास की नाही? पहिलं नको हे आपलं नुसतं घसा साफ करायला असतं. दुसरं नको समोरच्याचं मन बघायला. मग तो ‘असं कसं, घ्यायलाच पाहिजे’ म्हणणार, आपण ‘अहो कशाला, बरं, आता तुम्ही म्हणताच आहात तर...’ म्हणणार, आणि वस्तू आपल्या हातात. आईच्या दुधाबरोबर आलेलं आहे हे! मी आपला मान खाली घालून, गालात हसत, वाट बघतोय आग्रहाची.

वेंडेल म्हणाला, ‘ओके.’

आणि टोस्ट खायला लागला!

मी कॉफीचा कप धरून बसलोय. मनात म्हणतोय, विचार रे बाबा, एकदा विचार, नुसतं ‘शुअर?’ म्हण! नाही. बर्फाबद्दल बोलला, सोयाबीनबद्दल बोलला, बिल दिलं, टोपी घातली, गेला. आणि मी लॉरेटाची व्हॅन तिथं टेबलावर सांडून आलो.

घरी शरयूला सांगितलं. ती पोळ्या करत होती, तिनं लाटणं खाली ठेवलं. लाटणं ठेवलं की प्रकरण गंभीर असतं. ‘इतकी वर्षं झाली या देशात, अजून तुम्हाला हो म्हणता येत नाही? उद्या त्यांच्या घरी जा. आणि ते काय वाटेल ते विचारू देत, तोंडातून पहिला शब्द यस निघाला पाहिजे. म्हणून दाखवा!’ अहो, प्रेसिडेंट स्वयंपाकघरात उभा राहून यस, यस, यस म्हणतोय. ईशान वरून ओरडतो, ‘डॅड, आर यू ओके?’ मी म्हटलं, यस!

शुक्रवारी गेलो. दार उघडलं त्याच्या बायकोनं, अर्लीननं. ‘ॲपल पाय खाणार?’ यस. ‘अजून एक तुकडा?’ यस. ‘वर आइस्क्रीम?’ यस. ‘आमच्या मांजरीला पिल्लं झालीत, एखादं नेता का?’ यस! निघून गेलं हो तोंडातून! आता आमच्या सोफ्यावर बसून आमच्याकडंच रागानं बघत असतं.

मग वेंडेल आला. म्हटलं, वेंडेल, ती व्हॅन. तर म्हणाला, ‘तुला नको होती ना? मी आत्ताच ती चर्चला देतो म्हणालोय.’ मग मी सगळी लाज सोडली. त्याला समजावलं, आमच्याकडं पहिलं नको म्हणजे नको नसतं. तो डोकं खाजवत म्हणतो, ‘म्हणजे हवं असलं तरी तुम्ही नको म्हणता?’ हो. ‘आणि खरंच नको असलं तर?’ तरीही नकोच म्हणतो. ‘मग वाढणाऱ्याला कळतं कसं?’ म्हटलं, कळत नाही, म्हणून तर आम्ही सगळे असे पोटानं सुटलोय!

पहिल्यांदाच हसला म्हातारा. म्हणाला, ‘बरं, परत विचारतो. व्हॅन हवी?’ यस! ‘चर्चचं मी बघून घेतो. किल्ली घे. आणि चालवणार कोण, तूच का?’

यस!

गेलं! बाण सुटावा तसा गेला शब्द! आता परत कसा घेणार? सोमवारी एचआरला म्हटलं, एक ड्रायव्हर नेमा लगेच. तर म्हणतात, सर, निवड समिती लागेल, जाहिरात लागेल, नवा ड्रायव्हर जूनमध्ये येईल. म्हणजे मंगळवारी संध्याकाळी सूटवर ओव्हरकोट, त्यावर शरयूनं विणलेला मफलर, डोक्याला माकडटोपी, कारण त्या व्हॅनचा हीटर बंद, आणि मी मोडक्या दारातून ओरडतोय, चला चला, नर्सिंग, वेल्डिंग, अकाउंटिंग! प्रेसिडेंट म्हणे!

माझा फोटो कॉलेजच्या लॉबीत लावलाय हो, चांगला मोठा. पण माकडटोपीत मला आमचा ईशानही ओळखत नाही. ओळखूनही कदाचित नसेल ओळखत.

सगळे मागं बसले. पुढं माझ्या शेजारी एक बाई बसल्या, चाळिशीच्या, अंगात वृद्धाश्रमाचा निळा गणवेश, मांडीवर हे एवढं जाडं पुस्तक. म्हणाल्या, ‘हाय, मी लॉरेटा.’ तुम्हाला सांगतो, मला स्टिअरिंग नीट दिसेना क्षणभर. इतका आनंद मला प्रेसिडेंट झालो तेव्हाही झाला नव्हता.

रस्ताभर माझ्याकडं बघत होत्या. मग हळूच म्हणतात, ‘राग मानू नका, पण तुम्ही हुशार वाटता. तुम्हीही इथं शिकायला एखादा क्लास का घेत नाही?’ मी म्हटलं, नाही, नाही, माझ्या वयाला आता कुठं. आणि सवयीनं गप्प बसलो. तर ती बाई गप्पच बसेना! ‘असं कसं? मी नाही का सुरू केलं? घ्यायलाच पाहिजे!’ मी म्हटलं, नको हो, खरंच नको. ‘नको कसं? मी स्वतः येते तुमच्याबरोबर ऑफिसात!’

अहो, आग्रह! साक्षात आग्रह! इतक्या वर्षांत या देशात पहिल्यांदा कोणीतरी मला दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, हाताला धरून विचारलं... डोळे भरून आले हो माझे. मग काय करणार? म्हटलं, अहो कशाला, बरं, आता तुम्ही म्हणताच आहात तर... आणि जागा एकाच वर्गात उरली होती, म्हणून येत्या गुरुवारपासून मी माझ्याच कॉलेजात वेल्डिंगला बसतोय.