द्वारकाबाईंचा रिकामा उजवा हात

टाळ जरा खाली ठेवा. पखवाजवाले, तुम्हीही थांबा, घाम पुसा! मंडळी, ऐका. आज देवाच्या दारात मी एक भांडण घेऊन आलोय आणि निवाडा तुम्ही करायचाय.

एक बाई म्हणते — माझा हात दुखतोय. डॉक्टरांनी हाडाचा फोटो काढला. फोटो म्हणतो — हाड उत्तम आहे, काही झालेलं नाही! बाई रडतेय, फोटो हसतोय. आता सांगा, खोटं कोण? बाई की फोटो?

बघा! इकडच्या सगळ्या बाया म्हणाल्या, फोटो खोटा. आणि तिकडचे पुरुष? गप्प! म्हणजे मनात उत्तर आहे, पण घरी जाऊन जेवायचंय.

आता दुसरा प्रश्न, जरा अवघड. ज्याचं दुखणं डोळ्यांना दिसत नाही, त्याला 'हे तुझ्या मनाचे खेळ' म्हणून मोकळं होणं — हे शहाणपण की पाप?

थांबा, घाई नको. आधी एक काम करा. ज्यांचे हात धड आहेत त्यांनी उजव्या हाताची मूठ आवळा. घट्ट! आणि मी सांगेपर्यंत सोडायची नाही. पेटीवाले गुरव मास्तर, तुम्ही नको, तुम्ही वाजवा. बाकी सगळ्यांनी आवळली? छान. आता गोष्ट.

तासगावकडे एक पेठेचं गाव. त्या पेठेत रंगनाथ अण्णा कासारांचं बांगड्यांचं दुकान. दुकान अण्णांचं, पण गर्दी मात्र त्यांच्या बायकोसाठी — द्वारकाबाईंसाठी! काय त्या बाईचा हात होता, मंडळी! कुणाच्याही हातात, कितीही आवळ बांगडी, न दुखवता, न फोडता चढवायची. लग्न ठरलं की नवरीची आई आधी विचारायची, द्वारकाबाई रिकाम्या आहेत का? मग मुहूर्त.

कशी भरायची सांगू? समोर बाई येऊन बसली की तिचा हात ताठ. मनात धाकधूक — काच लागेल का, रक्त येईल का? द्वारकाबाई बांगडीला हातच लावायची नाही. बाईचा हात आपल्या गुडघ्यावर घ्यायची, हलके हलके तळवा चोळायची आणि विचारायची, "माहेर कुठलं गं तुझं?"

झालं! बाई सुरू. आमच्याकडे विहिरीवर चिंच आहे, आमची आई अशी, आमचा भाऊ तसा... आणि बोलता बोलता तो हात लोण्यासारखा मऊ व्हायचा. अंगठा आत दुमडला, बाईनं श्वास सोडला — आणि सर्रकन बांगडी आत! बाई माहेरी पोचली की बांगडी मनगटात पोचली! नवरीला तर कळायचंच नाही कधी भरून झाल्या. मग नवरी खाली वाकून द्वारकाबाईला नमस्कार करायची. आपल्याकडची रीतच आहे ती. ज्यानं काकणं भरली, त्याच्या पाया पडायचं.

आणि अशा बाईवर काय वेळ आली बघा. पावसाळ्यात एका नवरीचा चुडा भरायला निघाली होती. देवळाच्या पायरीवर शेवाळ. पाय सटकला! पडली ती थेट उजव्या हातावर. मनगट मोडलं, आणि हातातल्या साऱ्या बांगड्या खळ्ळकन —

काय झाल्या? बोला ना! कुणी बोलत नाही. बघा, तुमच्या तोंडून 'फुटल्या' निघत नाही. सवाष्णीच्या बांगड्या फुटत नसतात, 'वाढतात'. एवढी आपल्या पोटात त्या काचेची भीती. मग जिचं आयुष्य काचेत गेलं, तिच्या पोटात किती असेल?

हात प्लास्टरात गेला. यथावकाश प्लास्टर निघालं. फोटो काढला, हाड नीट जुळलेलं. डॉक्टर म्हणाले, "छान!" घरचे म्हणाले, "छान!" फक्त द्वारकाबाईला छान वाटेना. हात दुखतच होता. ठणकायचा, जळायचा. पदराखाली पोटाशी धरून बसायची, जसं कुणी हिसकावून नेणार आहे. शेजारून कुणी बादली घेऊन गेलं तरी दचकायची. डाव्या हातात काकणं, उजवा हात रिकामा. भरू देईना कुणाला. नुसतं बोट लावलं तरी ओरडायची.

मग उपाय! तेल झालं, शेक झाला, लेप झाला. कुणी म्हणालं ताईत बांधा, बांधला. कुणी म्हणालं ताईत सोडा, सोडला. आपल्या गावात डॉक्टर शोधावा लागतो, सल्ला देणारा घरी येतो!

त्यात अण्णांची बहीण सोनाक्का राहायला आली. स्वभाव वाईट नाही हो तिचा, पण जिभेला लगाम नाही. सगळ्यांच्या देखत म्हणाली, "हाड जुळलंय न्हवं, वहिनी? मग दुखतंय कशाला? लेकीचं लग्न तोंडावर आलंय, काम टाळायला बरं सापडलंय दुखणं!"

मंडळी, त्या दिवशी हात दुप्पट दुखला. कुणी मारलं? नाही. ओझं उचललं? नाही. नुसत्या शब्दानं! आता मला सांगा, शब्दानं दुखणं वाढत असेल, तर शब्दानं ते उतरायला का लाजावं? हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. आणि मूठ? तिसऱ्या रांगेतल्या काकांनी सोडली! आवळा परत!

तर लेकीचं लग्न. लेक वैजयंती, घरात वैजू म्हणायचे. आईच्या मांडीशी बसूनच मोठी झालेली पोर. साखरपुड्याला बांगड्या भरायच्या होत्या. ही म्हणाली, "भरीन तर आईच्याच हातनं. दुसऱ्या कुणाला हात देणार न्हाई!"

द्वारकाबाईला काय वाटलं असेल? साऱ्या पंचक्रोशीच्या लेकी हिनं सजवल्या आणि स्वतःची लेक...! बसली बिचारी. ओठ घट्ट मिटून उजव्या हातानं हिरवी बांगडी धरली, लेकीचा हात धरला. कळ आली. बोटं आखडली. बांगडी — वाढली! लेकीच्या हातावर रक्ताचा थेंब.

द्वारकाबाई उठली आणि एवढंच म्हणाली, "माझ्यातली कासारीण मेली गं. लग्नाला दुसरा कासार बोलवा."

वैजू रडली नाही. काय पोरगी! दुसऱ्या दिवशी आईला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात. तिथं हातापायांचे व्यायाम शिकवणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या, पाटोळेबाई. त्यांनी फोटो बघितला, हात बघितला, आणि नंतर बराच वेळ द्वारकाबाईचा चेहरा बघितला.

द्वारकाबाई आधीच पेटलेली. "सांगा की तुम्हीबी! म्हणा, नाटक करते म्हणून!"

पाटोळेबाई म्हणाल्या, "काकू, तुमचा हात खरंच दुखतोय. मला पटतंय."

एवढंच! आणि द्वारकाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. प्लास्टर निघाल्यापासून हे वाक्य तिला कुणी म्हटलंच नव्हतं हो! नवऱ्यानं नाही, शेजारणीनं नाही. औषध लिहून देणाऱ्यांनीही नाही.

मग पाटोळेबाईंनी समजावलं. "काकू, एखाद्या घरात चोरी होते. त्या दिवसापासून दारातलं कुत्रं मांजर आलं तरी भुंकतं, पान पडलं तरी भुंकतं. भुंकणं खरं आहे की नाही? खरं आहे. पण चोर आहे का? नाही, तो कधीच गेला. तुमचं हाड जुळलंय, पण आतला राखणदार अजून जागाच आहे. तुम्ही हात जितका जपाल, जितकं भ्याल, तितका तो जास्त भुंकणार. काठी मारून तो गप्प बसत नाही. त्याला कळू द्यायचं, चोर गेला म्हणून. रोज थोडं थोडं, न घाबरता."

बघा मंडळी! भांडणाचा निवाडा झाला. बाई खोटी नाही, फोटोही खोटा नाही! शरीर आणि मन म्हणजे काही शेजारची दोन घरं नव्हेत, की इकडचा आवाज तिकडे जाणार नाही. एकाच घरातली माणसं आहेत ती, एकाच चुलीवर जेवणारी.

पण कळलं म्हणजे वळलं का? गुरव मास्तर, तुम्हाला कंबरेसाठी व्यायाम सांगितलेत, करता का? ...पेटी वाजवा, पेटी वाजवा!

द्वारकाबाई व्यायाम करायची, पण कसा? दात आवळून, खांदे वर चढवून, लढाईला निघाल्यासारखा. हात जास्तच दुखायचा. वैजू बघत होती. आणि एका दुपारी तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे, हा हात मी रोज बघितलाय! दुकानात येणाऱ्या प्रत्येक भेदरलेल्या बाईचा हात असाच असतो की!

तिनं पाट मांडला. सतरंजी घातली. आईला गिऱ्हाइकाच्या जागी बसवलं आणि स्वतः कासाराच्या जागी बसली. आईचा उजवा हात आपल्या गुडघ्यावर घेतला. बांगडी? बांगडीला हात नाही! नुसता हलके हलके तळवा. आणि विचारलं,

"माहेर कुठलं गं तुझं?"

द्वारकाबाई खेकसली, "तुला ठावं न्हाई व्हय?"

"गिऱ्हाइकानं उत्तर द्यायचं असतं."

आई हसली. मग बोलू लागली. कृष्णाकाठचं गाव, वडील लाकडी खुंटीवर बांगडी चढवायला शिकवायचे ते, आई चुलीपुढं गाणं म्हणायची ते. बोलता बोलता थांबली. आवाज बदलला. म्हणाली, "वैजू, त्या दिवशी पायरीवर पडले ना, तवा हात मोडल्याचं कळलंच न्हाई गं. काच दिसली नुसती. सगळ्या वाढलेल्या. आणि तुझ्या अण्णांचा चेहरा डोळ्यांपुढं आला. तवापासून हात हलवला की तो काचेचा आवाज कानात येतोय. वाटतंय, आता काहीतरी होणार त्यांना."

केवढं ओझं! कुणाला न सांगता ती बाई त्या मोडक्या मनगटावर नवऱ्याचं आयुष्य तोलून बसली होती!

आणि अण्णा? अण्णा दारात उभे, शेंगा खात! म्हणाले, "मला? मला काय धाड भरलीया? सकाळधरनं चार भाकरी खाल्ल्यात!"

मायलेकी इतक्या हसल्या, इतक्या हसल्या! आणि हसताना द्वारकाबाईनं श्वास सोडला. पावसाळ्यापासून छातीत धरून ठेवलेला श्वास. वैजूला गुडघ्यावर जाणवलं, आईचा हात जड झालाय. म्हणजे सैल झालाय!

मग भरली बांगडी? नाही! इथंच त्या पोरीचं मोठेपण. म्हणाली, "आज एवढंच." दुसऱ्या दुपारी बांगडी नुसती बोटांना टेकवली. मग पेरांपर्यंत. आईनं हात मागं घेतला की ही थांबायची. "दुखतंय? बरं. भ्यायचं न्हाई, कुत्रं भुंकतंय नुसतं." काही दिवस सरळ गेले, काही दिवस वाकडे. एखाद्या दुपारी दुखणं परत उसळायचं, सगळं पाण्यात गेलंसं वाटायचं. पण दुसऱ्या दिवशी पाट मांडलेला असायचाच. चमत्कार नाही हो मंडळी! चमत्कार असता तर मी पाच मिनिटांत आटोपलं असतं. चिकाटी होती ती, आणि माया.

आणि एक दिवस आई माहेरच्या जत्रेतल्या पाळण्याचं सांगत असताना सर्रकन — बांगडी मनगटात! द्वारकाबाई बघतच राहिली. रिकामा हात भरला!

मग तिनं काय केलं? उठली, पदर डोक्यावर घेतला आणि लेकीपुढं वाकली. वैजू ओरडली, "आई, हे काय करतीस! मी लेक हाय तुझी!"

द्वारकाबाई म्हणाली, "ज्यानं काकणं भरली त्याच्या पाया पडायचं असतंय. कासार कोण हे बघायचं न्हाई."

धन्य ती आई! आणि धन्य ती लेक!

लग्नात चुडा कुणी भरला, हे सांगायला हवं का? दमादमानं भरला. मध्ये थांबली, हात झटकला, पाणी प्याली. दुखलं का? थोडं दुखलं. पण भ्याली नाही. वैजूच्या दोन्ही हातांत हिरवागार चुडा, एकही काच न वाढता! मग साऱ्या बाया रांगेनं बसल्या. शेवटी सोनाक्कानं हात पुढं केला, मान खाली घालून. द्वारकाबाईनं तो गुडघ्यावर घेतला आणि नेहमीसारखं विचारलं, "माहेर कुठलं गं तुमचं, वन्सं?"

सोनाक्कानं मान वर केली. "हेच की गं, वहिनी. हेच."

तिच्याही हाताला मऊ व्हायला मग वेळ लागला नाही.

मंडळी, तुमची मूठ आवळलेलीच आहे ना अजून? दुखतेय? बोटं अवघडली? मला सांगा, कुणी मारलं तुम्हाला? हाड मोडलं? फोटो काढला तर काही दिसेल? काही नाही! तरी दुखतंय, आणि खरं दुखतंय! मग आत्ता येऊन तुम्हाला कुणी म्हणालं, 'नाटक करतोस', तर कसं वाटेल?

तुमच्या घरात कोपऱ्यात कुणीतरी आहे. गुडघा धरून, पाठ धरून, डोकं धरून. सासू असेल, सून असेल, आयुष्यात कधी 'दुखतंय' न म्हणालेला बाप असेल. आधी दवाखान्यात न्या. माझं कीर्तन ऐकून कुणाच्या गोळ्या बंद करू नका. पण घरी आल्यावर त्याच्याजवळ बसा. 'पटतंय मला' एवढं म्हणा. मग विचारा, माहेर कुठलं? गाव कुठलं? भीती कशाची वाटते? आणि उत्तर येईपर्यंत उठू नका. मोबाईल लांब ठेवून!

आणि जो स्वतःच मूठ आवळून बसलाय, कधी आवळली हेही विसरलाय, त्यानं आज द्वारकाबाईचं ऐकावं. श्वास सोडा. खांदे खाली. आता हळूहळू एकेक बोट... उघडा.

उघडली? बघा, तळव्यात रक्त कसं सळसळतंय! गुरव मास्तर, सूर द्या. पखवाज घ्या. आवळलेल्या मुठींनी देवाचं नाव कसं घेणार, मंडळी? टाळीला हात उघडेच लागतात. या, सगळ्यांनी मिळून, सैल हातांनी — वाजवा टाळी, आणि म्हणा त्याचं नाव!