आपट्याची फुलपाखरं

स्वरूपा : हात नका लावू आजोबा, फेविकॉल ओला आहे अजून!

बळवंत : स्वरूपा, आज दसरा. हे आपट्याचं सोनं होतं. सुमित्राआत्यानं साताऱ्याहून विमानातून आणलं, मी फ्रिजमध्ये ओल्या फडक्यात जपलं, आणि तू त्याची फुलपाखरं केलीस?

स्वरूपा : मी कुठे? ते पान ऑलरेडी फुलपाखरूच आहे. मी फक्त मिशा चिकटवल्या.

बळवंत : कुणी शिकवलं हे?

स्वरूपा : ह्या चित्रांच्या पुस्तकानं. पडलेल्या लाल पानांचा कोल्हा, पिवळ्या पानांचा सिंह. मी खाली जाऊन बघितलं, तर सगळी झाडं हिरवी! पुस्तक चीटिंग करतं.

बळवंत : पुस्तक थंड देशातलं आहे. आपल्या मयूर विहारातला कडुलिंब मार्चमध्ये गळतो. दिल्लीत झाडंसुद्धा मार्च एंडिंगशिवाय काही मोकळं करत नाहीत.

स्वरूपा : तोपर्यंत कोण थांबणार, यार?

बळवंत : आजोबांना यार म्हणत नाहीत. एकही पान उरलं नाही?

स्वरूपा : कुणाला द्यायचं होतं?

बळवंत : वरच्या मजल्यावरच्या खंडेरावांना.

स्वरूपा : पण तुमची तर कट्टी आहे!

बळवंत : म्हणूनच. सोनं हातात असलं की दुसरं काही बोलावं लागत नाही. रिकाम्या हातानं गेलो तर सॉरी म्हणावं लागेल.

स्वरूपा : मग म्हणा. मला तर रोज म्हणायला लावता.

बळवंत : तुला सवय आहे.

स्वरूपा : कट्टी का झाली?

बळवंत : मंडळाच्या नाटकात मी त्यांना प्रेताचं काम दिलं होतं. ऐन रडारडीत ते शिंकले.

स्वरूपा : मेल्यावर?

बळवंत : मेल्यावर. मी विंगेतून ओरडलो, "खंडेराव, तुम्हाला धड मरताही येत नाही!" माईक चालू होता.

स्वरूपा : (हसू दाबत) आजोबा, एक सांगू? पहिलं वाळलेलं फुलपाखरू मी आत्ताच त्यांना देऊन आले.

बळवंत : काय? माझं नाव सांगितलंस?

स्वरूपा : त्यांनीच विचारलं, "बळवंतानं पाठवलं का?" मी म्हटलं, "नाही, त्यांना माहीतच नाही."

बळवंत : चलो! संपलं सगळं.

स्वरूपा : मग त्यांनी फुलपाखरू शोकेसमध्ये ठेवलं. आणि आत ओरडले, "अगं, चहा टाक. एक कप बिनसाखरेचा." त्यांच्या घरी बिनसाखरेचा कोण पितं, आजोबा?

बळवंत : माझ्या चपला बघ कुठे आहेत.