ऐतिहासिक संत्र्याच्या दोन फांद्या

नाव : वच्छला रामराव भोंडे, वय ६१ वर्षे, व्यवसाय शेती (संत्रा बगीचा), रा. शेंदूरजनाघाट, ता. वरुड, जि. अमरावती. दि. १९ जानेवारी २०२५, रविवार.

मी स्वतः रत्नागिरी पोलीस ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगते की, पती रामराव यांची तब्येत वर्षभर बरी नाही. मुलगा विपुल अमरावतीस राजापेठेत क्लास घेतो. समुद्राच्या हवेने माणूस सुधारतो असे त्यास कोणी सांगितले, म्हणून त्याने आम्हा दोघांस रत्नागिरीला पाठवले.

आज सकाळी सव्वादहा वाजता आम्ही तिकीट काढून दर्यादर्शन बंगला पाहण्यास गेलो. आत झुंबरे, पलंग व खुर्च्या आहेत, पण एकाही खुर्चीवर बसू देत नाहीत. माझे पाय दुखले. मागच्या बागेतून समुद्र दिसतो. ऊन छान पडले होते. पती समुद्राकडे पाठ करून एका झाडापाशी उभे होते. झाड दिसले की यांना समुद्र काय नि बायको काय.

सदर झाडास 'ऐतिहासिक संत्रे' अशी पाटी आहे. संत्र्याचे कलम जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटावर बांधतात. खुंटाला फूट आली तर ती काढावी लागते, नाहीतर तीच सगळे खाऊन टाकते आणि वरचे संत्रे वाळते. या झाडाचे संत्रे बहुतेक वाळले होते. हिरव्यागार, फळे धरलेल्या दोन फांद्या खुंटाच्या होत्या आणि लोक त्यांचेच फोटो काढत होते. पतीने माळ्याची चौकशी केली. माळी रविवारी येत नाही असे कळले. तेव्हा पती मला म्हणाले, "हे मरून राहिलं, वच्छले." वर्षभरात ते कुठल्याही झाडाबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

छाटणीची कैची त्यांच्या पिशवीत होती. घरून निघताना मी ती काढून ठेवली होती, त्यांनी परत घातली. सुमारे अकरा वाजता दोन्ही फांद्या कापल्या गेल्या. पहारेकऱ्याने शिटी वाजवली. चांगला भाग कापून वाळका ठेवला, अशी व्यवस्थापकांची तक्रार आहे. पाहणाऱ्यास तसेच वाटणार, त्यांना मी दोष देत नाही.

"फांद्या मीच कापल्या," असे पतीने आपल्यासमोर सांगितले आहे. ते अर्धे खरे आहे. चौदा महिन्यांपूर्वी त्यांना लकवा मारला. उजव्या हातात चहाचा कप ठरत नाही. मजुरांना दिसेल म्हणून ते आमच्या बगिच्यात पाऊल टाकत नाहीत. आज त्यांनी कैची मुठीत धरून दोनदा दाबली. सालीवर नुसता वळ उठला. ते माझ्याकडे पाहत नव्हते. मग मी त्यांच्या मुठीवर माझी मूठ ठेवून जोर लावला. कुठे कापायचे ते त्यांनी दाखवले. मला त्या वेळी फार आनंद झाला, तो लपवत नाही.

जबाब लिहिणाऱ्या हवालदारांनी, फांद्या नेमक्या कोणी कापल्या ते एकच नाव सांगा, असे विचारले. त्यावर मी बाहेर बसलेल्या पतीकडे बोट दाखवून म्हणाले, "गुन्हा माह्या नावानं लिहा साहेब. पन छाटणी यायचीच लिहा."

पती बाहेरच्या बाकावर बसले असल्याने, माझ्या विनंतीवरून, हा जबाब दार लोटून हळू आवाजात मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो लिहिला आहे.