दार लाव गं

आमच्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, कॅसेटवर मध्येच अक्काचा आवाज कसा आला, असं सगळे विचारतात, म्हणून सांगतो. माझी थोरली बहीण अक्का शाळेत असताना अप्पांची भजनं एका स्पूलच्या टेपवर भरली होती. अप्पा गेल्यावर तेवढीच एक टेप आमच्या मळमड्डीच्या घरात उरली. जुन्या हुबळीतला रेडिओ दुरुस्त करणारा बसू ती वाजवायचं मशीन घेऊन आला. फितीवर बोट फिरवून कानडी वळणानं म्हणाला, "पूड गळतेय री. एकदाच वाजेल. तेवढ्यात कॅसेटवर घ्या."

जोडायची वायर बसेना, म्हणून आमचा टेपरेकॉर्डर त्याच्या मशीनसमोर ठेवला. म्हणजे खोलीतला खोकलासुद्धा कॅसेटवर जाणार. अक्कानं कुकर उतरवला, पंखा बंद केला आणि मला बजावलं, "तू श्वाससुद्धा हळू घे."

टेप सुरू झाली, पण माझं लक्ष गाण्यात कुठलं? बाहेर रिक्षा थांबली की मी खिडकीकडे बघायचो, दिवा लुकलुकला की दिव्याकडे. पहिलं भजन संपलं आणि टेपमधून अप्पा खणखणीत आवाजात म्हणाले, "अक्का, दार लाव गं. रस्त्याचा आवाज येतोय."

"लावते अप्पा," म्हणत अक्का उठली आणि तिनं धाडकन दार लावलं.

बसूनं कपाळाला हात लावला. अक्का कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. फीत फिरतच होती.

कॅसेट आजही तशीच आहे. अप्पा दार लावायला सांगतात, अक्का चाळिशीतल्या आवाजात "लावते" म्हणते, आणि जरा थांबून अप्पा म्हणतात, "शहाणी पोर."