रानकारल्याचे अकरा उंदीर

श्रीपतराव : …तेव्हा सज्जनहो, मधुमेहाचा इतिहास यापुढे दोन भागांत लिहावा लागेल. बडोद्याच्या आधीचा आणि बडोद्याच्या नंतरचा. घेतलंस लिहून?

मोहना : घेतलं, सर. पण उंदीर अकराच आहेत.

श्रीपतराव : बारा होते.

मोहना : एक मध्येच नाहीसा झाला. शेजारच्या खात्यात मांजर आहे.

श्रीपतराव : इतिहासाला अकराही पुरतात. पुढे लिही. ‘एकतीस वर्षं मी या प्रयोगशाळेत उंदीर पाळले. एकानेही माझ्यासाठी कधी काही केलं नाही. येत्या एप्रिलमध्ये मी निवृत्त होतोय, आणि जाता जाता या अकरा जणांनी…’ का थांबलीस?

मोहना : सर, उद्या अकरा वाजता औषधकंपनीचे केयूरभाई वाघोडियाहून कॅप्सूलच्या करारावर सही करायला येणार. त्याआधी मला वजनांबद्दल बोलायचंय.

श्रीपतराव : कुणाच्या?

मोहना : उंदरांच्या. आपण चोवीस जणांना मधुमेह करून ठेवला. बारांना रानकारल्याचा अर्क दिला, बारांना नाही दिला. चार महिन्यांत अर्कवाल्यांची साखर उतरली, हे ठीक. पण त्यांची वजनंही उतरलीत, चाळीस-चाळीस ग्रॅम. आणि ज्यांना अर्क नाही, ते चांगले गुबगुबीत झालेत.

श्रीपतराव : म्हणजे अर्क चरबीवरही चालतो. हा दुसरा शोध. केयूरभाईंना सांगू नकोस, ते त्याची वेगळी कॅप्सूल काढतील.

मोहना : मला वाटलं, काटा बिघडलाय. तो आपण फिजिक्सकडून मागून आणलेला. म्हणून काल तो गोविंदरावांकडे घेऊन गेले.

श्रीपतराव : फिजिक्सच्या गोविंदरावांकडे. माझा शोध जाहीर व्हायच्या दोन दिवस आधी. बरं, मग? आनंदले असतील.

मोहना : त्यांनी तीनदा वजनं लावून पाहिली. काटा चोख आहे. म्हणाले, आमच्याकडे चूक यंत्रात सापडते, तुमच्याकडे ती जेवतखात असते, तेव्हा तिच्या ताटात बघ.

श्रीपतराव : तीस वर्षांत गोविंदराव एवढं एकच वाक्य उपयोगाचं बोललेत, आणि तेही माझ्याविरुद्ध.

मोहना : मी खरंच बघितलं, सर. खाण्याचे डबे. बिनअर्कवाल्यांचा डबा दर शनिवारी रिकामा होतो. अर्कवाल्यांचा निम्मा उरतो.

श्रीपतराव : खाणं कोण घालतं?

मोहना : कुसुमताई. दाराशी उभ्या आहेत, मीच बोलावलंय.

कुसुमताई : पिंजरे धुवून झालेत, साहेब. काय काम होतं?

श्रीपतराव : कुसुमताई, तुम्ही वीस वर्षं इथं आहात, कधी एक नागा नाही. म्हणून नुसतं विचारतो. दोन्हीकडच्या उंदरांना खाणं सारखंच घालता ना?

कुसुमताई : सारखं कसं घालणार, साहेब? हे औषधवाले आणि ते बिनऔषधाचे.

श्रीपतराव : म्हणजे?

कुसुमताई : म्हणजे औषधवाल्यांना पथ्य असतं ने. निम्मं खाणं, तेही दिवस मावळायच्या आत.

मोहना : पथ्य करायला सांगितलं कुणी तुम्हाला?

कुसुमताई : एमां सांगायचं काय, मोहनाबेन? औषध आलं की पथ्य आलंच. हरणी गावचे वैद्य माझ्या सासूबाईंना पुडी द्यायचे, तर पुडी एवढीशी आणि पथ्याचा कागद हातभर. पथ्य मोडलं तर पुडी परत घ्यायचे. इथं कुणी कागद दिला नाही. म्हटलं साहेब मोठी माणसं, विसरली असतील. मी आपलं मनानं चालवलं.

श्रीपतराव : निम्मं खाणं. आणखी काही मनानं चालवलंत?

कुसुमताई : शतपावली. खाणं झालं की एकेकाला पंधरा मिनिटं मोकळं सोडायची. आधी जमिनीवरच सोडत होते. पण तो एक गेला ने, तेव्हापासून टबात सोडते.

मोहना : मांजर नव्हतंच तर.

कुसुमताई : मांजर होतं, बेन. पण नंतर.

श्रीपतराव : आणि ते दुसरे? बिनऔषधाचे?

कुसुमताई : त्यांना बघून तर जीव बळायचा माझा. तेही तेवढेच आजारी, आणि औषधाचा एक थेंब नाही. कुणाचं काय बिघडवलं होतं त्यांनी? म्हटलं, निदान पोटभर खाऊ दे बिचाऱ्यांना. रविवारी जराक गूळतुपाची सुखडी द्यायची, उतराणला, म्हणजे संक्रांतीला, गूळपोळी. कडा नाही, मधलीच.

मोहना : ताई, मधुमेही उंदरांना गूळपोळी?

कुसुमताई : त्यांना कुठं पथ्य होतं?

मोहना : रजिस्टरमध्ये यातलं एक अक्षर नाही.

कुसुमताई : रजिस्टरात साहेबांनी रकाना एकच आखलाय. ‘खाणे दिले.’ दिलं मी. रोजची सही आहे, बघा ने.

श्रीपतराव : रकाना मीच आखला होता. हो.

मोहना : म्हणजे साखर अर्कानं उतरलीच नाही, सर. अर्ध्या जेवणानं आणि फिरण्यानं उतरली. आणि दुसऱ्यांची सुखडीनं वाढली.

श्रीपतराव : तसं म्हणता येईल. अर्कानं काही केलं नाही, असंही पण म्हणता येत नाही. हे बघ मोहना, साखर उतरली हे खरं आहे. अर्क दिला हेही खरं आहे. आपण दोन्ही खरी वाक्यं शेजारी शेजारी लिहायची. मधलं ‘म्हणून’ वाचणारा स्वतःच घालतो.

मोहना : माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण याच्यावरच उभं आहे, सर. जूनमध्ये शिष्यवृत्ती संपते. नवे उंदीर मागवून पुन्हा चार महिने पाळायचे, मग प्रकरण लिहायचं, तर दिवाळी येईल. हे सगळं हिशेबात धरून, काल डबे बघितल्यावर रात्रभर मीही ती दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहून बघितली.

श्रीपतराव : मग?

मोहना : केयूरभाईंच्या जाहिरातीत तिसरं वाक्य आहे. ‘काहीही खा.’ त्यांनी मला मसुदा दाखवला. सुभानपुऱ्यात, अलकापुरीत, सगळीकडे लोक गोळ्या सोडून ही कॅप्सूल घेतील आणि वर श्रीखंड खातील. त्यांना पथ्याला कुसुमताई नाहीत.

कुसुमताई : मग बाटलीवर लिहा ने, ‘पथ्य पाळणे.’

श्रीपतराव : आणि बाटलीत काय घालायचं?

कुसुमताई : पथ्य पाळलं तर काहीही घाला, चालतं. वैद्यसुद्धा शेवटी शेवटी नुसती सुंठ द्यायचे.

श्रीपतराव : एकतीस वर्षांत या खात्यात एकच प्रयोग सिद्ध झाला, आणि तो करणाऱ्या बाईंना मी पिंजरे धुवायला ठेवलंय. मोहना, फोन इकडे सरकव.

(श्रीपतराव वाघोडियाला फोन लावतात. पलीकडून बराच वेळ बोललं जातं.)

मोहना : काय म्हणाले केयूरभाई?

श्रीपतराव : आधी म्हणाले, साहेब, खोकी छापून आलीत. चार रंगांत. मी सांगितलं, अर्क लागू पडत नाही. तर म्हणाले, काही वांधा नाही, ‘मधुमेहावर’ काढून ‘शक्तिवर्धक’ लिहू, आता बाजार खुला झालाय. मी म्हटलं, लिहा, पण खोक्यावरचा माझा फोटो आणि माझं नाव काढा. तेव्हा कुठे हळहळले. फोटो उंदराबरोबर काढलेला होता, चांगला आला होता म्हणतात.

मोहना : मग उद्याची सही?

श्रीपतराव : रद्द. पण फोनवर सांगितलेलं त्यांच्याकडे ऐकलेलं धरत नाहीत, तेव्हा हे चार ओळींत लिहून देतो, फॅक्स कर. आणि तुझी शिष्यवृत्ती सहा महिने वाढवायचा अर्ज मी आजच करतो. कारणाच्या रकान्यात माझी चूक लिहीन. दुसऱ्या रकान्याची सवय लागली पाहिजे.

कुसुमताई : माझं काय, साहेब? नवे उंदीर आले तर पथ्य कुणाला?

श्रीपतराव : कुणालाच नाही, कुसुमताई. सगळ्यांना सारखं. सुखडीसुद्धा नाही.

कुसुमताई : बरं. आजाऱ्यांना असं करणं बरं नाही, पण तुम्ही म्हणता तर सारू.

मोहना : मी फॅक्स करून येते, सर. भाषणाचा कागद फाडू का?

श्रीपतराव : राहू दे, पाठकोरा आहे. आणि हे बघ, फॅक्सवाल्याच्या शेजारी औषधाचं दुकान आहे. तिथून माझ्या मधुमेहाच्या गोळ्या आण. दोन महिने झाले, बंद केल्या होत्या.